मिनिटकाट्यावरचे जेवण

चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडून समुद्राकडे निघाले की अँबॅसेडर हॉटेलच्या माथ्यावरचा गोल भाग नजरेत भरतो. तिथले रेस्टॉरंट फिरते, हे माझ्या पिढीच्या प्रत्येक मुंबईकराला ठाऊक होते. आत गेलेला माणूस मात्र आमच्या चाळीत एकही नव्हता. माझे वडील गिरगावातल्या एका छापखान्यात जुळारी होते. कॉलेजच्या दिवसांत एका रविवारी आम्ही दोघे मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून ते फिरताना दिसते का, हे पाहत होतो. अर्धा तास गेला, काहीच हलले नाही. वडील म्हणाले, "सबंध मजला फिरत असणार, आपल्याला इथून कळत नाही." मी म्हणालो, "मग नळाचे पाइप पिळवटणार नाहीत का?" त्यावर ते हसले आणि म्हणाले, "तू शोधून काढ."

मी स्थापत्यशास्त्राचा पदवीधर नव्हे. नोकरी सांभाळून, ग्रंथालयात बसून, मिळेल ते वाचत शिकलो. वडिलांच्या त्या एका वाक्याने मला मनोऱ्यांच्या वाटेला लावले. काही वर्षांपूर्वी भाचीकडे बर्लिनला जाण्याचा योग आला, तेव्हा तिथला दूरचित्रवाणी मनोरा, म्हणजे फर्नझेटुर्म, पाहण्याची संधी मिळाली. वडील तोवर राहिले नव्हते. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, पण त्यासोबत आणखी एक प्रश्न उभा राहिला. प्रक्षेपणाच्या मनोऱ्यावर मुळात रेस्टॉरंट कशाला?

उंचीचे गणित

आधी मनोरा का लागतो ते पाहू. दूरचित्रवाणीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. त्यामुळे प्रक्षेपक जितका उंच, तितकी त्याची पोच लांब. नजरेलाही हाच नियम लागू पडतो. उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ३.५७ ने गुणावे. क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळते. सपाट जमिनीवर उभ्या माणसाचे क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर असते. बर्लिनच्या मनोऱ्यावरचा प्रेक्षक-सज्जा २०३ मीटरवर आहे. तिथून ते सुमारे ५१ किलोमीटरवर जाते.

पुणेकरांना हे समजावून सांगायला नको. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा आहे तो याच कारणाने. आपल्याकडे सह्याद्रीने निम्मे काम आधीच करून ठेवले आहे. बर्लिन सपाट आहे, त्यामुळे तिथे डोंगराचे कामही काँक्रीटलाच करावे लागले.

रेस्टॉरंट आले कुठून?

या गोष्टीची सुरुवात स्टुटगार्टमध्ये होते. १९५० च्या दशकात तिथल्या नभोवाणी संस्थेला साधा पोलादी खांब उभारायचा होता. पुलांचे अभियंते फ्रिट्झ लिओनहार्ट यांनी वेगळा विचार मांडला. खांबच उभारायचा तर तो काँक्रीटचा, आतून पोकळ असावा आणि वर लोकांना बसायला जागा असावी. खर्च कितीतरी वाढणार होता, म्हणून विरोधही झाला. १९५६ च्या फेब्रुवारीत मनोरा खुला झाला आणि तिकिटांच्या पैशांतून पाचेक वर्षांत खर्च वसूल झाला. प्रक्षेपणाच्या यंत्राचा खर्च पाहुणे भरून देऊ शकतात, हे जगाला कळले ते इथे. पुढचे बहुतेक काँक्रीटी दूरचित्रवाणी मनोरे याच घराण्यातले.

स्टुटगार्टचे रेस्टॉरंट मात्र फिरत नव्हते. १९५९ मध्ये डॉर्टमुंडच्या फ्लोरियन मनोऱ्यावर फिरते रेस्टॉरंट आले. १९६१ मध्ये वास्तुविशारद जॉन ग्रॅहम यांनी होनोलुलूत एका इमारतीच्या माथ्यावर तसेच उभारले आणि १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी सिॲटलमध्ये स्पेस नीडलवर. त्यानंतर जगभर त्याची लाटच आली.

नेमके काय फिरते?

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर असे: सबंध मजला फिरत नाही. अशा बहुतेक ठिकाणी मधला गाभा स्थिर असतो. लिफ्ट, जिना, पाण्याचे नळ, सांडपाणी, स्वच्छतागृहे हे सगळे त्यातच असते. बाहेरची भिंत आणि काचाही स्थिर असतात. या दोहोंच्या मधली, बांगडीसारखी गोल पट्टी तेवढी रुळांवर चाकांच्या आधाराने सरकते आणि टेबले तिच्यावर असतात. पाइप त्या पट्टीत नसतातच, म्हणून पिळवटण्याचा प्रश्न येत नाही. आणि बाहेरचे कवच हलत नाही, म्हणून कठड्यावरून पाहणाऱ्याला काही दिसत नाही.

भार चाकांवर नीट तोललेला असला आणि वेग अगदी कमी असला, की शक्तीही फार लागत नाही. स्पेस नीडलची पट्टी सुरुवातीला एका अश्वशक्तीच्या मोटरवर फिरत असे. आपल्याकडे शेतातल्या विहिरीवर तीन नाहीतर पाच अश्वशक्तीचा पंप असतो.

वेगही समजून घेण्यासारखा आहे. बर्लिनचे रेस्टॉरंट २०७ मीटरवर, ३२ मीटर व्यासाच्या पोलादी गोलात आहे. मूळ रचनेत त्याची एक फेरी तासाभराची होती. म्हणजे घड्याळाचा मिनिटकाटा ज्या वेगाने फिरतो, नेमका तोच वेग. बसणारा माणूस मिनिटकाट्यावर बसून जेवतो म्हणा ना. काठाचा घेर ९० मीटरच्या आसपास धरला तर सेकंदाला अडीच सेंटिमीटर. कोनात मोजले तर सेकंदाला अंशाचा दहावा भाग. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारे जे इंद्रिय आहे, त्याला इतके सावकाश फिरणे जाणवत नाही. म्हणून चक्कर येत नाही आणि सूपही हिंदकळत नाही. पुढे नूतनीकरणानंतर अर्ध्या तासाची फेरी आली, तरी हा वेग जाणिवेच्या खालीच राहतो.

गंमत एकच होते. काचेलगतच्या स्थिर कठड्यावर पर्स ठेवली तर ती मागे राहते आणि आपण पुढे जातो. वाढप्यालाही आपले टेबल शोधत यावे लागते. आपल्या पंगतीत जेवणारे बसलेले असतात आणि वाढपी फिरतो. इथे जेवणारेही फिरतात.

भिंतीपलीकडचे शहर

बर्लिनच्या मनोऱ्यामागे पैशापेक्षा प्रतिष्ठेचा हिशेब मोठा होता. पूर्व जर्मनीने आधी म्युगेलबेर्गे टेकड्यांवर काम सुरू केले होते. विमानतळ जवळ असल्याने ते सोडून द्यावे लागले. १९६४ मध्ये वाल्टर उलब्रिख्ट यांच्या राजवटीने मनोरा शहराच्या ऐन मध्यात, आलेक्झांडरप्लाट्झजवळ उभारायचे ठरवले. १९६५ च्या ऑगस्टमध्ये काम सुरू झाले. मनोरा आणि त्यावरचा गोल या कल्पनेशी हेर्मान हेन्झेलमान यांचे नाव जोडलेले आहे. स्पुटनिकच्या त्या काळात गोलाचा अर्थ कुणाला सांगावा लागत नव्हता. राष्ट्राच्या विसाव्या वर्धापनदिनाच्या तोंडावर, ३ ऑक्टोबर १९६९ रोजी मनोरा खुला झाला आणि त्याच दिवशी दुसरी वाहिनीही सुरू झाली. आज अँटेनासकट त्याची उंची ३६८ मीटर आहे.

दोन गोष्टी राजवटीच्या हिशेबात नव्हत्या. पहिली म्हणजे ऊन. पोलादी गोलाच्या पैलूंवर सूर्य पडला की तिथे लखलखता क्रूस उमटतो. नास्तिक राजवटीच्या माथ्यावर क्रूस! बर्लिनकरांनी त्याला 'पोपचा सूड' असे नाव दिले. १९८७ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी ब्रांडेनबुर्ग दरवाजापाशी केलेल्या भाषणातही त्याचा उल्लेख आहे.

दुसरी गोष्ट मला त्या टेबलावर बसल्यावर उमगली. १९६१ पासून शहरात भिंत होती. ब्रांडेनबुर्ग दरवाजा मनोऱ्यापासून दोन-सव्वादोन किलोमीटरवर, आणि त्याच्या पलीकडे पश्चिम बर्लिन. पूर्वेच्या नागरिकाला तिथे पाऊल टाकता येत नव्हते. कॉफी पिता पिता ते पाहता मात्र येत होते.

शेजारच्या टेबलावर एक वृद्ध बाई एकट्याच बसल्या होत्या. भाचीने ओळख काढली आणि दुभाष्याचे काम केले. बाई पूर्व बर्लिनच्या. मनोरा नवा होता तेव्हा आईबरोबर इथे आल्या होत्या. आईची बहीण वेडिंग भागात राहायची, इथून चारेक किलोमीटरवर, पण भिंतीच्या त्या बाजूला. त्या काळी टेबलावर तासभरच बसू देत, म्हणजे एकच फेरी. पश्चिम समोर आली की आई मावशीचा रस्ता शोधायची. तो सापडला की नाही हे कळायच्या आत टेबल पूर्वेकडे वळायचे. एवढे सांगून बाईंनी काचेतून वायव्येकडे बोट दाखवले. आता तिथे ट्रामने जाता येते, त्या म्हणाल्या, पण मावशी नाही.

मनोरा खुला झाला ती तारीख, ३ ऑक्टोबर, १९९० पासून जर्मन एकीकरणाचा दिवस म्हणून पाळली जाते. हा निव्वळ योगायोग, पण बाईंनी तोही आवर्जून सांगितला.

वर कोण जाऊ शकतो?

फिरत्या बैठकीत एक समता आहे. साध्या रेस्टॉरंटात खिडकीची जागा ओळखीच्या माणसाला मिळते. इथे प्रत्येक टेबलाला चारी दिशा पाळीपाळीने मिळतात. पण ही समता त्या बांगडीच्या आत पोचलेल्यांपुरतीच.

उंचीचा धोकाही मोठा. लंडनच्या पोस्ट ऑफिस टॉवरवर १९७१ मध्ये स्फोट झाला. तिथले फिरते रेस्टॉरंट १९८० मध्ये बंद झाले. मॉस्कोच्या ओस्तानकिनो मनोऱ्याला २००० च्या ऑगस्टमध्ये आग लागली आणि तीन जण दगावले. आगीच्या वेळी सुटकेची वाट पुरेशी नाही, या कारणाने स्टुटगार्टचा मूळ मनोरा २०१३ ते २०१६ बंद होता. आगीत लिफ्ट वापरता येत नाही. बर्लिनच्या मनोऱ्याला ९८६ पायऱ्या आहेत. म्हणून चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला तिथे वर नेत नाहीत. कारण पटते. तरीही सगळ्या शहराला दिसणारी वास्तू शहरातल्या सगळ्यांना शहर दाखवू शकत नाही, हे उरतेच.

मुंबईला परतल्यावर एका संध्याकाळी मी पुन्हा त्याच कठड्यावर जाऊन बसलो. अँबॅसेडरच्या माथ्यावर दिवे लागले होते. बाहेरून काहीच हलत नव्हते. वडील असते तर त्यांना सांगितले असते की मजला जागेवर असतो, पाइप पिळवटत नाहीत, फिरतात ती फक्त माणसे. त्यांनी पुढचा प्रश्न काय विचारला असता तेही मला ठाऊक आहे: "आणि चहा केवढ्याला?" बर्लिनच्या कॉफीची पावती मी जपून ठेवली आहे. आकडा पाहून ते म्हणाले असते, "त्यापेक्षा कठडा बरा." मीही त्यांच्या बाजूनेच असतो. पण त्या बाईंच्या आईला तो तास महाग वाटला नसणार.