राहणार : फिरस्ता

दात त्यांनी वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला होता. तो पुढे एवढा कामाला येईल, हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात नव्हतं.

मुंबईतला हा बेघरांचा निवारा एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. खाटा चाळीस, संडास चार आणि मोबाइल चार्ज करायला बोर्ड एक. गेल्या पावसाळ्यात आठवड्यातून दोन दिवस मी तिथं नोंदवह्या लिहायला जात होते. पहिल्या आठवड्यातच कळलं, की इथल्या भांडणांचं मूळ शोधायला लांब जावं लागत नाही. ते त्या बोर्डापाशीच सापडतं. फोनवर मुकादमाचा निरोप येतो, गावाकडच्या मुलीचा आवाज येतो, आधारचा ओटीपी येतो. तो चार्जिंगला लावून झोपलात, की गेलाच म्हणून समजा. म्हणून माणसं फोनपाशी राखण करत बसतात. चपला उशाखाली, पैसे आतल्या खिशात, पिशवीचा बंद मनगटाला. डोक्यावर छप्पर आलं तरी फुटपाथवरची सावध झोप काही जात नाही.

मोठ्या शहरांत लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, तोही बारा महिने चोवीस तास उघडा, असं सर्वोच्च न्यायालय २०१० पासून बजावत आलं आहे. त्यानंतरच्या वर्षी, २०११च्या जनगणनेत, एकट्या मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर मोजले गेले. आमच्या निवाऱ्यात चोवीस तासांतून सकाळी दहा ते पाच वजा होत. साफसफाई, पाणी, कर्मचारी कमी, कारणं बरीच. ज्यांना काम मिळे ते कामावर जात. म्हातारे, आजारी आणि काम न मिळालेले व्हरांड्यात आणि फाटकाबाहेरच्या कठड्यावर बसून राहत. रात्री दारात माणूस असे, वहीत नावं असत, दिवा जळत असे. दुपारी यातलं काहीच नसे. मारामाऱ्या रात्री होतात अशी माझी समजूत होती. नोंदवहीतल्या वेळा मात्र दुपारच्या निघाल्या.

त्या दिवशी साडेबाराला काकांचा चार्जर कोणीतरी उपटला. काका साठीचे, आयुष्य खानावळीत भांडी घासण्यात गेलेलं. उपटणारा शेजारच्या खाटेवरचाच, तिशीतला, लग्नाच्या हंगामात केटरिंगला जाणारा. आधी शब्द, मग धक्का, मग ठोसा. काका फाटकाबाहेर फुटपाथवर पडले. मी पोचले तेव्हा ते खाली वाकून काहीतरी शोधत होते. मला वाटलं चष्मा असेल.

काळजीवाहक दादांनी ११२ला फोन लावला, पण थोडं थांबूनच. त्याचं कारण त्यांनी पुढे चहा पिताना सांगितलं. निवाऱ्यावर पोलीस आले, की वरिष्ठ विचारतात तुमचं लक्ष कुठं होतं. शेजारची सोसायटी म्हणते, बघा, सांगितलं नव्हतं? संस्थेचं कंत्राट तर दरवर्षी नव्यानं ठरतं. मला राग आला होता, पण दादांचा पगार मला माहीत होता.

बीट मार्शल मोटारसायकलवर दहा मिनिटांत आले. वेळेबद्दल तक्रार नाही. पहिला प्रश्न मात्र मार खाणाऱ्यालाच होता, "प्यायलाय का?" काकांनी आपणहून तोंड पुढं केलं. त्यांना या प्रश्नाची सवय होती. १९५९चा भिक्षाप्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून आहे. भीक मागणाऱ्याला त्याखाली वॉरंटशिवाय उचलता येतं. दिल्लीपुरत्या त्यातल्या महत्त्वाच्या तरतुदी तिथल्या उच्च न्यायालयानं २०१८ साली रद्द केल्या, पण आपल्याकडे खाकी दिसली की फुटपाथवरची माणसं अजून आधी गाठोडं आवरतात. ज्याच्यापासून लांब राहायचं, त्याच्याकडेच दाद मागायला जायचं, हे काकांच्या पचनी पडत नव्हतं. "जाऊ द्या ना ताई," ते तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा खरं कारण आलं, "रात्री त्याच्याच शेजारी झोपायचंय."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. इमारतीत भांडण झालं तर माणूस आपल्या घरात जाऊन कडी लावतो. इथं कडी कोणाच्या हातात नसते. निवाऱ्याकडे शिक्षा एकच, नाव काढणं. म्हणजे मारणाऱ्याला पुन्हा फुटपाथवर पाठवणं.

पोलीस ठाण्यात आधी हद्दीचा घोळ झाला. ठोसा फाटकाच्या आत बसला, पडणं बाहेर झालं आणि बाहेरचा फुटपाथ म्हणे पलीकडच्या ठाण्याचा. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, फिर्याद घ्यावी लागते, असं आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतच लिहिलेलं आहे. मी ते हळूच बोलले. ठाणे अंमलदारांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही यांच्या कोण?" मी "निवाऱ्यातून आले" म्हणाले आणि त्यांनी खुर्ची दिली. काका उभेच होते.

मग एनसी निघाली. हाताबुक्क्यांची साधी दुखापत अदखलपात्र असते. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. खाली ठरलेली ओळ येते, फिर्यादीस न्यायालयात दाद मागण्याची समज दिली. म्हणजे काकांनी कोर्टात जायचं, नाक्यावरची मजुरी बुडवून. अंमलदार लिहिताना पुटपुटत होते. वय साठ, धंदा मजुरी, राहणार... इथं पेन थांबलं नाही, सवयीनं पुढं गेलं, फिरस्ता.

"फिरस्ता नाही साहेब," काका पहिल्यांदा स्वतःहून बोलले. "खाट नंबर सतरा."

ठाण्यातून मिळालेली तपासणीची चिठ्ठी घेऊन आम्ही पालिकेच्या रुग्णालयात गेलो. कॅज्युअल्टीत दोन तास. ओठाला टाके घालताना तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दात आधीच हलत होता का?" तेव्हा काकांनी खिशातून पुडी काढली. बाईंनी दात उजेडात धरला, हिरडी पाहिली, एक्स-रे काढायला लावला आणि कागदावर लिहिलं, दात तुटला आहे, जखम ताजी.

कायद्यात हाड किंवा दात तुटणं ही गंभीर दुखापत आहे. भारतीय न्याय संहितेनं जुन्या कायद्यातली व्याख्या या बाबतीत तशीच ठेवली. गंभीर दुखापत दखलपात्र. मघाशी ज्या टेबलावर समज दिली गेली, त्याच टेबलावर रात्री साडेनऊला गुन्हा दाखल झाला. अंमलदार दुसरे होते, समजूतदार होते, आणि मला वाटतं थोडे दमलेलेही. त्यांनी काकांना खुर्ची दिली. फिर्याद वाचून दाखवली. राहणारच्या पुढे निवाऱ्याचा पत्ता आला, खाट क्रमांकासकट.

दात सापडला नसता तर? काकांबरोबर मी नसते तर? वहीतल्या आधीच्या नोंदी मी त्यानंतर पुन्हा वाचल्या. खांदा, कान, पाठ. तिथं तुटायला दात नव्हता. बहुतेक नोंदींपुढं दादांच्या अक्षरात एकच शेरा होता, आपसात मिटले.

मारणारा त्याच संध्याकाळी गाठोडं उचलून गेला होता. त्याची चादर तशीच राहिली. दादांनी ती घडी करून कपाटावर ठेवली, येईल न्यायला म्हणाले. काका रात्री बराच वेळ त्या रिकाम्या खाटेकडे तोंड करून बसले होते, पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळून.

फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती त्यांना मिळाली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती माझ्यापुढं धरली आणि बोटानं एक ओळ दाखवली.

"ताई, हा पत्ता सरकारीच झाला ना? बँकेत चालेल?"

मी काय बोलावं याचा विचार करत होते, तोवर दादा म्हणाले, "आधी झेरॉक्स काढून ठेवा काका. पावसात भिजेल."