दोघांपुरते घर, पाण्यावरचे

मुले मार्गी लागली की पुष्कळ घरांत एक वाक्य ऐकू येते, ‘आता कुठेतरी आपण दोघेच जाऊ.’ इतकी वर्षे सुट्टी म्हणजे परीक्षा, आजारपणे आणि गावाकडची लग्ने सांभाळून उरलेले चार दिवस. त्यातही मोठ्या सहलीबरोबर निघाले की पहाटे पाचला गरम पाणी, सहाला बस आणि दिवसाला सात ठिकाणे! अशा दोघांनी एकदा केरळातल्या आलप्पुळाला जावे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये सलग सुरू झाल्यापासून ते आपल्याला फार लांबही राहिलेले नाही.

तिथला मुक्काम ‘केट्टुवळ्ळम’वर करायचा. मल्याळममध्ये ‘केट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘वळ्ळम’ म्हणजे होडी. फणसाच्या जातकुळीतल्या आंजिलीच्या फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवून ही नाव तयार करत. त्यासाठी खिळा वापरत नसत. भात आणि नारळ वाहून नेणारी ही मालवाहू नाव. पुढे रस्ते झाले, पूल झाले, ट्रक आले आणि नावांचे काम गेले. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्यावर बांबू आणि चटयांचे छत चढवून पाहुण्यांसाठी खोल्या करण्यात आल्या. आज दिसणारी प्रत्येक हाऊसबोट जुनी शिवलेली नाव असते असे मात्र नाही. कित्येक मुळातच पर्यटकांसाठी बांधलेल्या आहेत.

दुपारी बोटीवर चढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचे, असा साधारण रिवाज. जेवण बोटीवरच रांधतात. ताटात बहुधा करिमीन येतो, आपल्या कोकणातला कालुंदर. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बोट काठाला लागते, कारण त्यानंतर पाण्यावर हक्क कोळ्यांच्या जाळ्यांचा. मग करण्यासारखे काहीच उरत नाही आणि खरी सुट्टी तिथूनच सुरू होते. एरवी वर्तमानपत्र, दूरदर्शनचा संच आणि दारावरची घंटा यांच्या आडोशाने बोलणाऱ्या दोघांना समोरासमोर बसण्यावाचून गत्यंतर नसते.

सकाळी आजूबाजूला नीट पाहावे. हा कुट्टनाडचा प्रदेश. इथली भातशेती समुद्रसपाटीच्याही खाली आहे. बांध घालून कायलाचे, म्हणजे खाजणासारख्या विस्तीर्ण जलाशयाचे पाणी अडवायचे, आतले पाणी उपसून टाकायचे आणि तळाच्या जमिनीत भात पेरायचा, असा हा खटाटोप. जोसेफ मुरिक्कन यांनी १९४०च्या दशकात अशीच मोठी शेते कायलातून उभी केली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये या शेतीला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. बोटीच्या कठड्यापाशी उभे राहिले की पाणी वर आणि शेत खाली, असे उलटे चित्र दिसते.

अरुंद कालव्यांत हाऊसबोट जात नाही. तिथे वल्ह्याची लहान होडीच हवी. दोन-तीन तासांच्या या फेरीत खरे कुट्टनाड भेटते. दारातच पायऱ्या, पायऱ्यांवर भांडी घासणारी बाई, आंघोळ करणारी पोरे. ही सारी आपल्याला ‘दृश्ये’ वाटतात. पण आपण कुणाच्या तरी परसातून चाललेले असतो. कॅमेरा उचलण्याआधी मान हलवून विचारावे, एवढे सौजन्य आपल्या हातचे आहे.

आणि इथेच या सुंदर सुट्टीची दुसरी बाजू दिसते. खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून वेंबनाड कायलावर तण्णीरमुक्कम येथे १९७६ मध्ये बंधारा पूर्ण झाला. डिसेंबरच्या सुमारास त्याची दारे मिटतात, ती काही महिने. भाताचे भले होते, पण समुद्राशी होणारी पाण्याची ये-जा थांबते. खाऱ्या पाण्याने मरणारी जलपर्णी माजते आणि घाण आतच साचते. नेमका तोच पर्यटकांचा हंगाम! ज्या पाण्यात पायऱ्यांवरची बाई भांडी विसळते, त्यातच आपल्या बोटीचे सांडपाणी आणि इंजिनाचे तेल गेले तर आपली विश्रांती तिला महाग पडते.

म्हणून जाऊ नये का? तसे नव्हे. या पाहुण्यांवर तिथल्या कित्येक घरांची चूल पेटते. पण बोट ठरवताना भाड्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा, मैल्याची टाकी कुठे रिकामी करता? दोघांना दोन खोल्यांची बोट कशाला, एका खोलीची पुरते. रात्रभर वातानुकूलन हवेच असेही नाही. एक रात्र बोटीवर आणि दोन रात्री काठावरच्या एखाद्या कुटुंबाच्या घरी काढाव्यात. फिरायला वल्ह्याची होडी किंवा राज्य जलवाहतूक खात्याची साधी प्रवासी बोट घ्यावी. तिच्यात शाळेची मुले आणि बाजाराला निघालेली माणसे शेजारी बसतात.

चार भिंतींचा संसार दोघांनी सांभाळला, तो शेजार राखूनच. पाण्यावरच्या एका रात्रीच्या घरालाही शेजार असतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.