तबकडी आकाशात, कुलूप कपाटाला!

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०२४ सालच्या मार्च महिन्यात एक अहवाल प्रसिद्ध करून असे जाहीर केले की, १९४५ सालापासूनच्या साऱ्या सरकारी चौकशा धुंडाळूनही परग्रहावरील एखादे यान अमेरिकेच्या हाती लागल्याचा यत्किंचितही पुरावा आढळला नाही. अहवाल सविस्तर आहे आणि त्याचा मुख्य निष्कर्ष आमच्या मते खराही आहे. परंतु तो खरा मानावयाचा कोणी? गॅलप संस्थेने २०१९ साली अमेरिकन नागरिकांचा कौल घेतला तेव्हा काही तबकड्या परग्रहावरून आल्या असाव्यात असे म्हणणारे शंभरात ३३ निघाले. उलट सरकार सांगते त्याहून त्याला अधिक ठाऊक आहे असे म्हणणारे निघाले शंभरात ६८! म्हणजे तबकडीवर ज्यांचा काडीइतकाही विश्वास नाही अशा असंख्य लोकांचा सरकारच्या लपवाछपवीवर मात्र गाढ विश्वास आहे. हा अविश्वास काही आकाशातून पडलेला नाही. तो वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांतच पेरला गेला आणि तेथेच त्याला खतपाणी मिळाले.

आरंभ १९४७ सालचा. त्या वर्षीच्या २४ जूनला केनेथ आर्नोल्ड नावाच्या वैमानिकाने माउंट रेनियर शिखराजवळ नऊ चकाकत्या वस्तू भरधाव जाताना पाहिल्या. वृत्तपत्रांनी त्यांचे ‘उडत्या तबकड्या’ असे बारसे करून टाकले. (बारशाच्या कामी आमचा व्यवसाय कधीच मागे राहत नाही!) पंधरवडा उलटतो न उलटतो तोच, ८ जुलैला, न्यू मेक्सिकोतील रॉसवेलच्या लष्करी विमानतळाने अशी एक तबकडी आपल्या ताब्यात आल्याचे पत्रक काढले. काही तासांतच फोर्ट वर्थ येथून जनरल रॅमी यांनी खुलासा केला की, ही तबकडी नव्हे, हा हवामानाचा साधा फुगा आहे. लोक हसले आणि विसरले. पुढे रॉसवेलवर पुस्तकांमागून पुस्तके निघाली, काँग्रेसच्या एका सभासदाने पिच्छा पुरविला, तेव्हा कोठे १९९४ साली हवाई दलाने कबूल केले की, ते अवशेष बहुधा ‘मोगल’ नावाच्या गुप्त योजनेतील फुग्यांच्या माळेचे होते. रशियाने अणुस्फोट केलाच तर त्याचा नाद वातावरणाच्या उंच थरांतून टिपावा यासाठी हे फुगे सोडले जात. फुगा होता हे खरे. ‘साधा’ होता हे खोटे. एका विशेषणापुरती लबाडी सरकारने केली आणि तिचे व्याज ते आजतागायत फेडीत आहे.

त्यात भर अशी की, काँग्रेसच्या हिशेबतपासणी कचेरीने १९९५ साली रॉसवेल तळाचे दफ्तर धुंडाळले, तेव्हा ऑक्टोबर १९४६ ते डिसेंबर १९४९ या काळात तळावरून बाहेर धाडलेले संदेशच नष्ट झाल्याचे उघड झाले. कोणी नष्ट केले, केव्हा आणि कोणत्या अधिकाराने, याची नोंद नाही! त्या संदेशांत बहुधा पेट्रोलच्या पिंपांचा आणि शिपायांच्या रजेचाच मजकूर असेल. पण आता ते सिद्ध कसे करावयाचे?

१९५२ च्या जुलैत लागोपाठ दोन शनिवारी रात्री खुद्द राजधानीच्या रडारवर अनोळखी ठिपके उमटले. लढाऊ विमाने झेपावली आणि रिकाम्या हाताने परतली. थंड हवेवर उष्ण हवेचा थर बसला म्हणजे रडारला असा भास होतो, असे मेजर जनरल सॅमफर्ड यांनी २९ जुलैला पत्रकारांना सांगितले. हा खुलासा चुकीचा होता असे आम्ही म्हणत नाही. आम्हांला खटकते ते नंतरचे. १९५३ च्या जानेवारीत सी.आय.ए.ने एच. पी. रॉबर्टसन या शास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसविली. या वस्तूंपासून राष्ट्राला प्रत्यक्ष धोका नाही, मात्र त्यांच्याविषयीच्या वार्तांच्या लोंढ्याने संरक्षणाची संदेशयंत्रणा तुंबून पडेल, असे समितीचे मत पडले. सबब चित्रपट, दूरचित्रवाणी, मासिके या साधनांनी लोकांचे कुतूहल विझवावे आणि तबकड्यांचा छंद घेतलेल्या खाजगी मंडळांवर नजर ठेवावी, असा सल्ला तिने दिला. या साऱ्या उपद्व्यापामागे हेरखाते आहे, ही गोष्ट जनतेपासून कटाक्षाने दडविण्यात आली. लोकांच्या मनात जो भ्रम आहे तो घालवावयाचा, आणि तोही स्वतःचे तोंड लपवून! असल्या उपायाने भ्रम जाईल की वाढेल?

खरा कळस झाला तो १९५५ नंतर. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये नेवाडाच्या वाळवंटातील ग्रूम लेकवरून ‘यू-२’ या हेरगिरीच्या विमानाने पहिले उड्डाण केले. त्या काळी प्रवासी विमाने दहा ते वीस हजार फुटांवरून जात. यू-२ साठ हजार फुटांच्याही वर जाई. संध्याकाळी प्रवासी वैमानिकाभोवती अंधार दाटलेला असे, परंतु त्याच्या माथ्यावर कितीतरी उंच असलेल्या त्या रुपेरी पंखांवर अजून ऊन खेळत असे. आकाशात जळता गोळा दिसला असे तो कळवी, आणि त्याने खरोखरच तसे काही पाहिलेले असे. तबकड्यांची चौकशी करणारे ‘ब्लू बुक’ योजनेचे अधिकारी त्याचा अहवाल घेऊन गुपचूप यू-२ च्या उड्डाणांची नोंदवही पडताळीत. वेळ जुळे, जागा जुळे. आणि मग त्या वैमानिकाला उत्तर जाई की, आपण पाहिलेत ते हवेतील बर्फाचे कण, अथवा तापमानाच्या फरकामुळे झालेला भास!

हे आमचे अनुमान नव्हे. सी.आय.ए.च्याच जेराल्ड हेन्स या इतिहासकाराने १९९७ साली हे छापून काढले. हवाई दलाने जनतेला दिशाभूल करणारी विधाने केली, अशी स्पष्ट कबुली त्या लेखात आहे. त्या काळातील निम्म्याहून अधिक तबकड्या या गुप्त विमानांमुळे दिसल्या, हा त्यातील दावा पुष्कळांना मान्य नाही. तो बाजूला ठेवला तरी कबुलीचे वजन कमी होत नाही. आयुष्यभर आकाश वाचण्यात घालविलेल्या माणसाला, तो खरे बोलतो आहे हे पक्के ठाऊक असताना, त्याचे डोळे फसवे आहेत असे त्याच्याच सरकारने सांगितले. अनेक वैमानिकांनी पुढे असे काही पाहिल्याचे कळविणेच सोडले असेल, तर त्यांना कोण दोष देईल?

राष्ट्राच्या संरक्षणाला गुप्तता लागते, हे न समजण्याइतके आम्ही भाबडे नाही. रशियाच्या हातात अणुबाँब होता, त्याच्या भूमीची माहिती मिळविण्याचा दुसरा मार्ग नव्हता, आणि नव्या विमानाची जाहिरात कोणतेही शहाणे सरकार करणार नाही. पण हे गुपित राखावयाचे होते कोणापासून? १९५६ च्या जुलैत यू-२ रशियावर गेले तेव्हाच रशियन रडारने त्याला हेरले होते आणि मॉस्कोने लेखी निषेधही धाडला होता. म्हणजे शत्रूला ठाऊक, आणि कान्सासमधील शेतकऱ्याला मात्र पत्ता नाही! पुढे १ मे १९६० रोजी रशियाने ते विमान पाडले. हवामानाचे संशोधन करणारे विमान वाट चुकले, असे आयसेनहॉवर यांच्या सरकारने सांगितले. मग क्रुश्चेव्ह यांनी जिवंत वैमानिकच जगासमोर उभा केला आणि अध्यक्षांना सारे कबूल करावे लागले. रॉसवेलला हवामानाचा फुगा, येथे हवामानाचे विमान! एवढा बोभाटा होऊनही त्या प्रवासी वैमानिकांनी काय पाहिले होते हे सांगावयाला आणखी ३७ वर्षे लागली. शत्रूचे भय तोवर उरले नव्हते. उरली होती ती केवळ खात्याची सवय.

या सवयीपुढे मोठमोठ्यांचे काही चालले नाही. १९६६ च्या मार्चमध्ये मिशिगनमध्ये शेकडो लोकांनी पाहिलेल्या दिव्यांना सरकारी सल्लागाराने ‘दलदलीतील वायू’ ठरविले, तेव्हा तेथील प्रतिनिधी जेराल्ड फोर्ड यांनी चौकशीची मागणी केली आणि काँग्रेसमध्ये सुनावणीही झाली. पुढे तेच फोर्ड अध्यक्ष झाले. कपाटे होती तशीच राहिली. जिमी कार्टर यांनी तर स्वतःच १९६९ साली जॉर्जियात आकाशात एक प्रकाशमान वस्तू पाहिली होती. १९७६ च्या निवडणुकीत त्यांनी तबकड्यांविषयीची सारी माहिती खुली करण्याचे वचन दिले. अध्यक्षपदी बसल्यावर संरक्षणाचे कारण पुढे आले, आणि नव्या चौकशीविषयी ‘नासा’ला विचारले असता तिनेही १९७७ अखेर नकार दिला. विरोधात असताना ‘उघडा’, सत्तेवर येताच ‘पाहू’, ही रीत आमच्या वाचकांना अपरिचित नसावी.

दरम्यान १९६९ च्या डिसेंबरात ‘ब्लू बुक’ बंद झाले. नोंदी १२,६१८, उलगडा न झालेल्या ७०१. या ७०१ मध्ये परग्रहवासी आहेत असे मानण्यास कारण नाही. अपुऱ्या माहितीवर उलगडा होत नाही इतकेच. पण ज्याने उलगडा झालेल्या प्रकरणांतही खोटे उत्तर दिले, त्याचे उरलेल्या प्रकरणांतील ‘ठाऊक नाही’ कोण ऐकून घेणार? ब्रिटनने २००८ ते २०१३ या वर्षांत आपल्या संरक्षण खात्याचे या विषयावरचे कागद टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय दफ्तरखान्यात खुले केले. हजारो पाने बाहेर आली, लोकांनी चार दिवस चाळली, आणि आकाश कोसळले नाही.

२६ जुलै २०२३ रोजी डेव्हिड ग्रुश या माजी गुप्तवार्ता अधिकाऱ्याने अमेरिकन काँग्रेसपुढे शपथेवर सांगितले की, परग्रहावरील यानांचे अवशेष सरकारने दशकानुदशके दडवून ठेवले आहेत. त्याने स्वतः काही पाहिलेले नव्हते. इतरांनी सांगितले तेवढे तो सांगत होता. दुसऱ्या कोणत्याही विषयावर अशा ऐकीव साक्षीला कोणी विचारले नसते. येथे मात्र तिने देश हलविला. त्याच महिन्यात शूमर व राऊंड्स या दोन परस्परविरोधी पक्षांच्या सिनेटरांनी केनेडी-वधाच्या कागदपत्रांविषयीच्या १९९२ च्या कायद्याच्या धर्तीवर एक दुरुस्ती आणली. हे कागद तपासून खुले करण्यासाठी स्वतंत्र मंडळ नेमावे, अशी तिच्यात तरतूद होती. डिसेंबरात कायदा झाला तेव्हा कागद राष्ट्रीय दफ्तरखान्यात गोळा करण्याचे कलम राहिले. स्वतंत्र मंडळ तेवढे गळाले. ते मंडळ कायद्यात परत आले पाहिजे. त्यावाचून, कोणता कागद खुला करावयाचा आणि कोणता दाबावयाचा याचा पहिला निवाडा, तो कागद ज्या खात्याच्या कपाटात आहे त्याच खात्याने करावयाचा आहे.