महाराष्ट्रातील भाडे कायदा आणि घरमालकाच्या जबाबदाऱ्या

महाराष्ट्रातील घरमालक व भाडेकरू यांच्या संबंधांचे नियमन प्रामुख्याने महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ या कायद्याने होते. हा कायदा ३१ मार्च २००० रोजी अंमलात आला. ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात शहरातील जुन्या इमारती, गोदामे आणि दिघाशीसारखी गावे शेजारी शेजारी आहेत. तेथे घरमालकावर कोणती जबाबदारी येते, हे जागेचे क्षेत्र, भाडेकरूचा प्रकार आणि कराराचे स्वरूप यांवर ठरते.

पार्श्वभूमी

मुंबई भाडे नियंत्रण कायदा, १९४७ अन्वये प्रमाण भाडे सामान्यतः १ सप्टेंबर १९४० रोजीच्या भाड्याशी बांधलेले होते. दुरुस्तीची जबाबदारी त्या कायद्यातही मालकावरच होती. मात्र गोठलेल्या भाड्यातून तिचा खर्च निघत नसे. परिणामी अनेक जुन्या इमारतींची देखभाल थांबली. १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाड्याच्या या तरतुदी कालौघात अवाजवी ठरल्याचे मत नोंदवले. त्यानंतर मुंबई प्रांत, विदर्भ व मराठवाडा येथील वेगवेगळ्या कायद्यांच्या जागी एकच कायदा आला.

१९९९ च्या कायद्यातील जबाबदाऱ्या

दुरुस्ती : विरुद्ध करार नसल्यास जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे मालकावर बंधनकारक आहे (कलम १४). किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत दुरुस्ती न झाल्यास भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापेक्षा अधिक असू शकत नाही.

अत्यावश्यक सेवा : पाणी, वीज, जिन्यातील दिवे, लिफ्ट व सफाई या सेवा योग्य कारणाशिवाय तोडता येत नाहीत (कलम २९).

पावती : मिळालेल्या भाड्याची लेखी पावती देणे सक्तीचे आहे (कलम ३१).

नोंदणी : करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकाची आहे (कलम ५५). नोंदणी नसल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. उल्लंघनास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

याच्या मोबदल्यात मालकाला दरवर्षी ४ टक्के भाडेवाढीचा हक्क मिळाला (कलम ११).

कायद्याची व्याप्ती

हा कायदा अनुसूचीत नमूद केलेल्या व पूर्वीच्या भाडे कायद्यांखालील क्षेत्रांना लागू होतो. शासन अधिसूचनेद्वारे तो इतरत्र लागू करू शकते. ग्रामपंचायत क्षेत्रातील गाव या व्याप्तीत नसेल, तर तेथील भाडेपट्ट्यास मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ लागू होतो. त्यात मालकाने जागेतील छुपे दोष उघड करणे, ताबा देणे आणि भाडेकरूस निर्वेध उपभोग घेऊ देणे अपेक्षित आहे. दुरुस्तीचा भार मात्र बहुतांशी करारावर सोडलेला आहे. म्हणून अशा गावात खोली, गाळा किंवा गोदाम भाड्याने देताना दुरुस्तीची अट लेखी असणे दोन्ही पक्षांच्या हिताचे ठरते.

बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या तसेच एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्यांना दिलेल्या जागा १९९९ च्या कायद्यातून वगळल्या आहेत. त्यामुळे मोठ्या कंपन्यांनी घेतलेल्या गोदामांबाबत करारच निर्णायक असतो.

इमारतींची सुरक्षितता

भिवंडी शहरातील जिलानी इमारत २१ सप्टेंबर २०२० रोजी कोसळून अनेकांचा मृत्यू झाला. मुंबई उच्च न्यायालयाने या दुर्घटनेची स्वतःहून दखल घेतली. २९ एप्रिल २०२३ रोजी तालुक्यातील वळपाडा येथे गोदाम व निवास असा दुहेरी वापर असलेली इमारत कोसळली. महापालिका क्षेत्रात ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. भाडे कायद्यातील दुरुस्तीच्या कर्तव्याहून हे दायित्व वेगळे आहे.

आदर्श भाडेकरार कायदा

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श कायद्यात निवासी जागेसाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित असून संरचनात्मक दुरुस्ती, रंगकाम व वीजवाहिन्या मालकाकडे सोपवल्या आहेत. हा केवळ नमुना असून राज्याने कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही.