कातरवेळी पिंगळ्याच्या ढोलीपाशी



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण बडोद्यात एकत्र येतो, त्यांनी मला जीवशास्त्र शिकविले. छायाचित्रणाचा पहिला खरा धडाही त्यांच्याकडूनच मिळाला. तो पिंगळ्याच्या पिल्लांविषयीचा आहे.

पिंगळा म्हणजे साळुंकीएवढे, पांढऱ्या ठिपक्यांचे लहान घुबड. जुन्या झाडाची ढोली किंवा भिंतीतील भगदाड त्याला घरट्यास पुरते. मादी बहुधा तीन-चार अंडी घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवू लागते. त्यामुळे पिल्ले एकाच दिवशी न जन्मता मागेपुढे जन्मतात. थोरले ढोलीच्या तोंडाशी येऊन बसते, धाकटे त्याच्या मागे राहते. पहिला घास सहसा थोरल्याच्या चोचीत जातो. आईबापांच्या फेऱ्या घटल्या, की उपास घडतो तो धाकट्याला.

मराठीत घुबडाला दिवाभीत म्हणतात. पिंगळा दिवसाही दिसतो. परंतु त्याच्या शिकारीला खरा जोर येतो तो संधिप्रकाशात. भुंगेरे, नाकतोडे, उंदीर, पाली घेऊन आईबाप त्याच सुमारास फेऱ्या घालतात. छायाचित्रकाराची अडचण नेमकी इथे आहे. सूर्यास्तानंतर दर तीन-चार मिनिटांनी प्रकाश जवळजवळ निम्मा होतो. प्रारंभी १/१२५ सेकंदात मिळणाऱ्या चित्राला बारा-पंधरा मिनिटांनी १/१० सेकंदही अपुरा पडतो. मग मोह होतो तो दोन गोष्टींचा : जवळ सरकण्याचा आणि फ्लॅश लावण्याचा.

विद्यार्थिदशेत मी त्या दोन्ही मोहांना बळी पडलो. शाळेच्या आवारातील चिंचेच्या ढोलीपासून दहा-बारा फुटांवर कॅमेरा मांडला, फ्लॅश चढवला आणि चोचीत भक्ष्य धरलेल्या मादीची वाट पाहू लागलो. मादी आली, पण ढोलीकडे नव्हे, समोरच्या तारेवर. चोचीत भुंगेरा तसाच. ती मान खालीवर करी, कर्कश ओरडे, पण पुढे येईना. अर्धा तास लोटला. मागे सर केव्हा येऊन उभे राहिले होते, ते कळलेच नाही. ते एवढेच म्हणाले, “तुझं चित्र होईपर्यंत आत कोण उपाशी आहे, हे पाहिलंस का?” मी सामान आवरले. आम्ही व्हरांड्यात पोहोचतो न पोहोचतो, तोच मादी ढोलीत शिरली.

इंग्लंडमधील विख्यात पक्षिछायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांनी १९३७ साली वेल्समध्ये एका घुबडाच्या घरट्यापाशी, त्या पक्ष्याच्या हल्ल्यात, आपला एक डोळा गमावला. ही हकीकत छायाचित्रकाराला सावध करण्यासाठी सांगितली जाते. पण सगळेच पक्षी असा हल्ला करीत नाहीत. पिंगळ्याची मादी मला काही इजा करणार नव्हती. ती फक्त थांबली होती. त्या थांबण्याची किंमत तिची पिल्ले देत होती, आणि चित्रात ती कुठेच दिसली नसती.

म्हणून पुढे मी काही नियम पाळले. लांब पल्ल्याचे भिंग घेऊन दूर, शक्यतो आडोशाला, स्थिर बसावे. कॅमेरा तिकाटण्यावर असावा आणि बटण हाताने न दाबता तारेने दाबावे. घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत. अंतराचा अदमास घेण्यासाठी पिल्ले सारखी मान हलवितात. दोन हालचालींच्या मधे क्षणभर ती निश्चल होतात. तो क्षण साधला, तर १/१५ सेकंदातही चित्र स्पष्ट येते. पूर्वी ४०० एएसएची फिल्म वापरीत असू. आजचे डिजिटल कॅमेरे ३२०० किंवा त्याहून अधिक संवेदनक्षमतेवर चालतात. चित्रात थोडे कण उमटतात, ते उमटू द्यावेत. ढोलीसमोरची फांदी कधीही छाटू नये. ती पिल्लांची सावली असते आणि शिकऱ्यापासूनचा आडपडदाही. आणि मुख्य नियम असा : आईबाप भक्ष्य घेऊन बाहेर थांबले, तर आपण उठावे.

त्या वर्षी व्हरांड्यातून घेतलेले एकच चित्र माझ्यापाशी आहे. ते अंधुक आहे. थोरली दोन पिल्ले ओळखू येतात. त्यांच्यामागे एक फिकट डाग दिसतो. परीक्षकांनी ते स्पर्धेतून बाद केले. सरांनी मात्र ते बराच वेळ न्याहाळले आणि त्या डागावर बोट ठेवून विचारले, “हे तिसरं ना?”

ते तिसरेच होते. काही दिवसांनी ते चिंचेच्या फांदीवर आपल्या भावंडांशेजारी बसलेले आम्ही दोघांनी पाहिले. त्या संध्याकाळी मी कॅमेरा नेला नव्हता.