आतून चढता येणारा तट

सांगलीच्या राजवाडा चौकातून गणेशदुर्गाकडे वळलं की बाजारपेठेच्या गर्दीतच किल्ला सुरू होतो. डोंगर नाही, चढण नाही, हा भुईकोट. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळे झाले, सांगलीला राजधानी केली आणि हा किल्ला उभारला. पुढे पेशवाई गेली, किल्ल्याचं लढाईचं काम सरलं. पण तटाच्या आत राजवाड्याबरोबर कचेऱ्या नांदल्या आणि तुरुंगही.

तट न्याहाळताना वाटतं, किल्ल्याचा तुरुंग करणं किती सोपं. जाड भिंत तयार, खंदक तयार, आत-बाहेर करायला मोजक्याच वाटा. अडचण एकच, पण मोठी. किल्ल्याचा तट बाहेरच्या शत्रूला अवघड हवा आणि आतल्या शिपायाला सोपा. हाकाटी झाली की त्याला धावत वर जाता आलं पाहिजे. म्हणून कोणत्याही भुईकोटात जिने आतल्या बाजूला, वर फिरायला फांजी आणि बंदुका रोखायच्या जंग्यांची तोंडं बाहेर. तुरुंगात मात्र ज्याला अडवायचं तो माणूस आतच असतो. ज्या बाजूने तट चढायचा, त्याच बाजूला कैदी!

२४ जुलै १९४३ रोजी नेमकं हेच घडलं. चलेजाव चळवळीत पकडलेले वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार इथे कैदेत होते. त्यांनी पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावल्या, तट गाठला आणि खाली खंदकात उड्या टाकल्या. दिवस पावसाळ्याचे, कृष्णा दुथडी भरलेली, मागून गोळीबार. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा झाले. दादांच्या खांद्यात गोळी घुसली आणि ते पुन्हा पकडले गेले. त्या उडीचं धाडस आपण दरवर्षी आठवतो, आठवायलाच हवं. पण तट डोळ्यांसमोर असला की ते धाडस केवढं होतं, हे अंगावर येतं.

जुन्या वास्तूंना नवं काम देण्याची साताऱ्याची तऱ्हा निराळी. १८१८ मध्ये तिथला अजिंक्यतारा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, तरी त्यांनी फौजेचा कॅम्प वसवला तो खाली मोकळ्या माळावर. १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा झालं. शहरातल्या नव्या राजवाड्यात न्यायालय बसलं, जुन्यात शाळा भरू लागली. त्याच शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी कॅम्पात राहणाऱ्या सुभेदार रामजींच्या मुलाचं, भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. वास्तूला याहून चांगलं दुसरं काम मिळालं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

सांगलीचं जिल्हा कारागृह अजून गणेशदुर्गातच आहे. ते कधी हलवलं गेलं, तर जागा मोकळी करण्याच्या घाईत सांगलीकरांनी तटाला हात लावू देऊ नये.