ईदची भरती

वाशिष्ठीची खाडी दाभोळजवळ समुद्राला मिळते. त्या काठावरच्या एका वाडीत दिवाळीपासून एका घराच्या अंगणात बावीस फुटी लाकडी लाँच उभी राहते आहे. घरमालक पंचावन्नचे. वीस वर्षे आखाती जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून गावी परतले. बांधणारे नाना सुतार सत्तरीला टेकलेले. किनाऱ्यावर फायबरच्या होड्या आल्या तसे नानांकडचे नव्या बांधणीचे काम संपले आणि हातात दारे-खिडक्या उरल्या. कुवेतमधून पैसे पाठवणाऱ्या मुलाचे म्हणणे, "अब्बा, फायबरची घ्या, देखभाल कमी." त्यात खोटे काही नाही. पण अब्बांचे उत्तर ठरलेले, "लाकडाची एक फळी गेली तर एकच बदलता येते. आणि नाना आहेत तोवरच हे होणार."

होडीच्या कण्याला इथे पठाण म्हणतात. त्यावर वाकड्या लाकडाच्या फासळ्या उभ्या करायच्या, मग फळ्या चढवायच्या. फळ्या सागाच्या. साग खाऱ्या पाण्यात किती टिकतो याचा दाखला मुंबईचाच आहे. वाडियांच्या गोदीत 1817 साली बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे सागवानी जहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही तरंगते आहे. फळीला बाक द्यायचा तर ओल्या गोणपाटात गुंडाळून तिला शेक द्यायचा आणि गरम असतानाच खिळवायची. दोन फळ्यांमधल्या फटीत कापूस ठासून वर राळ आणि तेल घोटून भरायचे. नवशिक्या इथेच चुकतो. गळती नको म्हणून तो फट गच्च भरतो. लाकूड पाणी पिऊन फुगते, फुगायला जागा मिळाली नाही तर खिळे उपटते. म्हणून थोडी जागा सोडावी लागते आणि पहिले दोन दिवस होडी गळते, हे मान्य करावे लागते.

रमजान सुरू झाला तसे कामाचे घड्याळ बदलले. सहरीनंतर उन्हे चढेपर्यंत रंधा, मग असरनंतर पुन्हा. मगरिबला फळीच्या तुकड्यावर खजूर मांडले जातात. नानाही हात धुऊन शेजारी बसतात.

होडी पाण्यात लोटायची तर उधाणाची भरती हवी. ती अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येते. रमजानची पौर्णिमा ठरली होती. त्याच्या चार दिवस आधी नानांनी पठाणालगतच्या फळीवर हातोडीच्या दांड्याने टकटक केली आणि थांबले. आवाज बद्द होता. मागच्या टोकाला खिळ्यापाशी केसाएवढी चीर गेली होती. राळ भरून झाकली असती तर कुणाला कळलेही नसते.

"नाना, चालेल का?" मालकांनी विचारले.

"भाई, खाडीत चालेल. तोंडाबाहेर लाट लागली की नाही चालणार."

मालक थोडा वेळ गप्प राहिले. उधाण हुकणार होते, नवी फळी घ्यायची तर इंजिनासाठी ठेवलेल्या पैशाला हात लागणार होता. मग त्यांनी स्वतःच पहार आणली. फळी निघाली. पौर्णिमा गेली.

आता नजर ईदवर आहे. ईदचा चांद दिसतो तो अमावास्येनंतरच, त्यामुळे ईदलाही उधाणाचेच पाणी असते. एकजण चांद पाहणार, दुसरा पंचांग, आणि दोघांचा दिवस एकच येतो. भरतीची वेळ नाना बोटांवर काढतात. तिथीची पाऊणपट करायची. द्वितीया असेल तर दीड वाजता, तृतीया असेल तर सव्वादोनला. म्हणजे नमाज होईल, शीरखुर्मा होईल आणि मग सगळी वाडी होडीला खांदा लावेल.

दहा अश्वशक्तीचे डिझेल इंजिन त्या दिवशी सुरू होणार नाही. पाण्यात बसल्यावर होडीचा आकार किंचित बदलतो, म्हणून इंजिन आणि पंख्याचा शाफ्ट एका रेषेत आणायचे शेवटचे काम होडी फुगल्यानंतरच करायचे असते. जहाजावर हेच काम करत आलेल्या मालकांना घाई नाही.

ईदच्या दिवशी होडी गळेल, हे दोघांनाही माहीत आहे. पाणी उपसायला दोन बादल्या काढून ठेवल्या आहेत. एक मालकांची, एक नानांची.